लेन्स बदलून पाहिली

आमच्या ह्यांचा उजवा डोळा जात होता तेव्हा आम्ही लेन्स विकत घेत होतो. एकीमागून एक. हे वाक्य आता मी शांतपणे लिहिते आहे, पण पहिल्यांदा सुचलं तेव्हा मी डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसले होते आणि ते मोठ्याने तोंडातून बाहेर पडलं होतं. शेजारी बसलेल्या बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि जागा बदलली.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. ह्यांची नोकरी म्हैसूरला लागली म्हणून कुवेंपुनगरात आलो, मग मुलीची शाळा, मग स्वतःचं घर, असं करत करत इथलेच होऊन गेलो. गावाकडच्या माणसांना आपलं सगळं कळावं म्हणून हे फोटो काढायला लागले. मुलीचा पहिला गणवेश, परसातला पहिला नारळ, चामुंडीच्या डोंगराच्या पायऱ्यांवर धापा टाकत बसलेली मी. फोटो काढून घ्यायचा मला मनापासून कंटाळा, पण ऐकतो कोण?

हे एका कारखान्यात तपासणी खात्यात आहेत. त्यांच्या कामाची एक रीत आहे आणि ती त्यांनी घरातही आणली. काही बिघडलं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि दोष जातो का ते बघायचं. मिक्सर अडला तर आधी प्लग, मग वायर, मग भांडं. मी म्हणते, अहो, सरळ माणूस बोलवा. छे! सकाळची चटणी संध्याकाळी होते, पण मिक्सर चालू होतो, हे कबूल करायला हवं. या रीतीवर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. तोच आमच्या मुळावर आला.

दुसरी एक सवयही सांगायला हवी. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर बघून हे फोटो काढत नाहीत. वरती जी छोटी काचेची खिडकी असते, तिला उजवा डोळा लावायचा, डावा घट्ट मिटायचा, श्वास रोखायचा आणि मग बटण. मोबाइल पुढे धरून फोटो काढणाऱ्यांना हे हसायचे. "देवाला लांबून उदबत्ती ओवाळतात," म्हणायचे. म्हणजे अख्ख्या दिवसात त्यांचा उजवा डोळा एकटा बघत असे तो एवढाच वेळ. बाकी दिवसभर दोन्ही डोळे उघडे, आणि डावा चांगला होता, तो सांभाळून घ्यायचा. पेपर वाचता येत होता, स्कूटर चालवता येत होती, आमटीत पडलेला माझा केस तर लगेच दिसायचा. धूसर दिसायचं ते फक्त कॅमेऱ्यातून. मग शहाणा माणूस काय म्हणेल? कॅमेऱ्यात दोष आहे. झालं!

सुरुवात शेजारच्या अक्कांच्या नातवाच्या बारशापासून झाली. अक्कांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत आले आणि इथेच राहिले. घरात मराठीच बोलतात, पण निम्मी कानडी. लग्नमुंजीत फोटोवाला बोलावतात, बारशाडोहाळजेवणाला मात्र आमचे हे. त्या दिवशी हॉलमध्ये अंधार होता आणि बायकांची गर्दी. हे पाळण्यावर वाकायचे, कॅमेरा डोळ्याला लावायचे, पुन्हा खाली घ्यायचे, पुन्हा लावायचे. घरी येऊन म्हणाले, "अगं, ही लेन्स फार काळोखी आहे. बाळाचं तोंडच दिसत नव्हतं."

फोटो बघितले तर लख्ख. बाळाच्या पापणीचा केस न केस दिसत होता. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "फोकस कॅमेरा आपला आपण करतो. मला आत नीट दिसत नाही, त्याचं काय?"

आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, हाच सगळ्यात मोठा घात. कॅमेऱ्याबरोबर जी साधी लेन्स येते ती उजेड कमी आत घेते, म्हणून खिडकीतून बघताना चित्र अंधारं दिसतं. जास्त उजेड घेणारी लेन्स लावली की तीच खोली उजळ दिसते. मी स्वतः लावून बघितली आहे. तेव्हा नवी लेन्स हवी, हे ठरलं. मग जेवण झालं रे झालं की चष्मा कपाळावर ढकलून परीक्षणं वाचणं सुरू. ह्यांचा चष्मा लहानपणापासूनचा, बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा, त्यामुळे वाचायला तो काढावा लागतो. कुठली लेन्स कडेला मऊ पडते, कुठली ऊन समोर आलं की फिकट होते, हे सगळं मला भाजी निवडताना ऐकवायचे. तेवढ्या वेळात मी मुलीसाठी स्थळ बघितलं असतं.

शेवटी "पन्नासची" लेन्स आली. मोठं कौतुक झालं. पण ती लावली की सगळं जवळ दिसतं, आणि आमच्या हॉलमध्ये चार माणसंही फोटोत मावेनात. हे मागे सरकत सरकत स्वयंपाकघरात जायचे आणि ओट्याला पाठ टेकून तिथून ओरडायचे, "हसा जरा!" एकदा शर्टाचं टोक फोडणीत भिजलं. मी विचारलं, "आता दिसतं ना उजळ?"

"उजळ दिसतं," म्हणाले. "पण मधे जरा..."

"मधे काय?"

"काही नाही. नवी आहे, सवय व्हायला वेळ लागतो."

पावसाळा लागला आणि त्या "मधे"चा डाग झाला. करडा, टिकलीएवढा, बरोबर मधोमध. हे म्हणाले, आत धूळ गेली आहे. अशी धूळ खिडकीतून दिसते पण फोटोत उमटत नाही, असंही त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि तेही खरंच असतं. मग रबरी फुगा दाबून आत फूस फूस हवा मारणं झालं. दमट हवेने लेन्सला बुरशी धरते म्हणून माझा तांदळाचा घट्ट झाकणाचा डबा गेला. तांदूळ बाहेर पिशवीत आणि लेन्स डब्यात, असे आमच्या घरचे दिवस होते. त्याच दिवसांत एकदा ताक ओतताना पेला राहिला बाजूला आणि ताक टेबलावर. मी म्हटलं, "लक्ष कुठाय तुमचं? लेन्समध्ये?" ते हसले. मीही हसले.

दसऱ्याला इथे घरोघरी बाहुल्या मांडतात. अक्का तर फळ्यांच्या पायऱ्या रचतात, त्यावर पांढरं कापड अंथरतात, वर राजा-राणी, खाली वाणी-वाणीण, शेवटी मातीची जनावरं. दरवर्षी त्याचे फोटो ह्यांनीच काढायचे. यंदा कॅमेऱ्यात डोळा घातला आणि म्हणाले, "अक्का, तुमची मधली फळी खचली आहे."

"अय्यो, नाही हो. कालच सारखी केली."

"वाकली आहे. मला दिसतंय ना, मधे झोळ पडलाय."

अक्का बिचाऱ्या घाबरल्या. राजा-राणी कोसळले तर अपशकुन! सगळ्या बाहुल्या उतरवल्या, कापड काढलं, फळीखाली हात घालून चाचपलं. फळी सरळ. तरी ह्यांच्या सांगण्यावरून खाली वीट सरकवली आणि सगळं पुन्हा मांडलं. हे पुन्हा कॅमेऱ्यात बघून भराभर फोटो काढून मोकळे झाले. घरी येऊन फोटो मोठा केला तर पायऱ्या पट्टीने आखल्यासारख्या. माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण ह्यांच्याकडे याचंही उत्तर होतं. काही लेन्समधून सरळ रेघ वाकडी दिसते आणि कॅमेरा फोटो साठवताना ती आपली आपण सरळ करून टाकतो. हेही खरं आहे हो! मी नंतर चार जणांना विचारलं. ह्यांनी सांगितलेलं एकही कारण खोटं नव्हतं, आणि म्हणूनच आम्ही फसलो. अडाणी असतो तर महिन्यात डॉक्टरकडे गेलो असतो.

वाकड्या रेघा दिसू नयेत म्हणून आणखी एक लेन्स आली. "पस्तीसची". हिच्यात आमचा हॉल मावत होता, एवढं मात्र बरं झालं.

दिवाळीला मुलगी बंगळूरहून आली. ती तिथे नोकरी करते. फराळाला अक्का आणि त्यांची सून आल्या, हसणं-खिदळणं झालं, ह्यांनी पस्तीसच्या लेन्सने भरपूर फोटो काढले. संध्याकाळी सगळेजण ते टीव्हीवर बघायला बसलो. पहिल्या फोटोत अक्का डाव्या टोकाला, मुलगी उजव्या टोकाला, मधे भिंत. दुसऱ्यात सून आणि बाळ एका कडेला, मधे भिंत. पुढचा, त्याच्या पुढचा, सगळे तसेच.

"अय्यो, बरी गोडे!" अक्का म्हणाल्या. "नुसती भिंतच की हो साहेब. आम्ही आलो होतो की नाही फराळाला?"

सगळे हसले. मुलगी म्हणाली, "बाबा, मधे कोणासाठी जागा ठेवलीस?"

"मधोमध माणूस उभा केला की पासपोर्टचा फोटो होतो," हे म्हणाले. "जरा बाजूला घ्यावं, म्हणजे चित्र बोलतं."

चित्र बोलतच होतं. आम्हाला ऐकू येत नव्हतं.

मुलगी परत गेली त्या दुपारी ह्यांनी जाहीर केलं, की लेन्समध्ये दोष नाही, आता कॅमेराच बदलायला हवा. महागड्या कॅमेऱ्याची खिडकी मोठी असते, स्वच्छ असते. मला असा राग आला की काय सांगू. राग आला की मी भांडी घासते, पण भांडी घासून झाली होती. मी टेबलावरचा तो कॅमेरा उचलला, डोळ्याला लावला आणि समोरच्या खिडकीकडे धरला.

"काय वाकडं दिसतं यात तुम्हाला?" मी विचारलं. "गज सरळ आहेत."

"तू कडेला बघत असशील."

"मधे बघतेय."

"मधे डाग आहे ना?"

"कसला डाग? काही डाग नाही!"

ह्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. ती पुसण्याची तऱ्हा मला आवडली नाही. मी कॅमेरा ठेवला, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि त्यांच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर माझा तळहात धरला. का धरला, ते मला आजही सांगता येणार नाही.

"माझ्याकडे बघा," मी म्हटलं. "काय दिसतं?"

आधी हसले. "तू दिसतेस, आणखी कोण?" मग हसणं थांबलं. "कान दिसतो तुझा. कानातली कुडी दिसते. खांदा."

"आणि तोंड?"

"हात काढ."

"आधी सांगा."

"तोंडाच्या जागी काही नाही गं," ते म्हणाले.

माझा हात तसाच राहिला. बाहेरून सिटी बस गेली, खिडकीची काच थरथरली. मग मी हात काढला आणि ते दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिले, बराच वेळ. मी पण बघत राहिले. मला भयंकर भीती वाटली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दवाखाना. डोळ्यात थेंब घातले, यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली, डोळ्याच्या मागच्या पडद्याचे फोटो काढले. हो, तिथेही फोटोच. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आमच्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या. त्यांनी पडद्याचं चित्र आमच्याकडे फिरवलं. मधोमध फुगवटा. जास्त नंबराच्या डोळ्यांना असं होऊ शकतं, म्हणाल्या, पडद्याखाली नको तिथे नाजूक रक्तवाहिन्या उगवतात आणि रक्त झिरपायला लागतं. आधी धूसर, मग रेघा वाकतात, मग मधला भाग जातो. हे सगळं त्या समजावून सांगत होत्या आणि मला बारसं, पावसाळा, दसरा असं एकेक दिसत होतं.

"कधीपासून होतंय?" त्यांनी विचारलं.

"उन्हाळ्यापासून," हे म्हणाले.

त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. "मग इतके दिवस काय करत होता?"

लेन्स निवडत होतो, असं मी म्हणणार होते. ह्यांच्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

डोळ्यात इंजेक्शनं दिली. डोळ्याच्या आत, सुईने. ती देताना मला आत येऊ दिलं नाही, आणि मी त्या बाकावर बसून पोटभर रडून घेतलं. रक्त झिरपायचं थांबलं. गेलेलं मात्र परत आलं नाही, मधोमध जखमेचा वण राहिला. उजव्या डोळ्याने आता त्यांना खोलीच्या कडा दिसतात, दाराची वरची चौकट दिसते, माझे हात दिसतात. मी दिसत नाही.

राग कोणावर काढायचा? काही दिवस मी तो परीक्षणं लिहिणाऱ्यांवर काढला. एवढी पानंच्या पानं लिहिता, तर एक ओळ लिहायची होती मेल्यांनो, की धूसर दिसत असेल तर एकदा दुसरा डोळा लावून बघा! मग राग ह्यांच्याकडे वळला. एका वेळी एक गोष्ट बदलायची, हे जन्मभर मला ऐकवलं. लेन्स बदलली, पुन्हा बदलली, धूळ काढली, कॅमेरा बदलायला निघाले. डोळा तेवढा बदलून बघितला नाही. डावा डोळा लावून बघायला किती वेळ लागतो? भांडणात एकदा मी हे बोलून गेले. त्यावर ते हळूच म्हणाले, "नजर फिरवली की तो डागही फिरायचा. पावसाळ्यातच कळलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"लेन्सचा असेल असं वाटत होतं."

वाटत होतं की वाटून घ्यायचं होतं, हे मी विचारलं नाही. पुढे भांडण करण्यात काही अर्थच उरला नाही.

आता ते डावा डोळा लावायला शिकले आहेत. उजवा मिटत नाहीत, त्याची गरज नाही म्हणतात. डावा लावला की नाक मागच्या स्क्रीनवर दाबलं जातं, श्वासाने काच धुरकट होते, आणि बोटं सवयीने भलत्याच बाजूला जातात. पन्नासची लेन्स मुलगी घेऊन गेली. पस्तीसची कॅमेऱ्यालाच असते.

पण डॉक्टरीणबाईंनी निघताना एक गोष्ट बजावून सांगितली होती. डाव्या डोळ्यालाही हे होऊ शकतं. होईलच असं नाही, पण होऊ शकतं, आणि त्या वेळी उशीर करून चालणार नाही. त्यांनी चौकटीचौकटींचा एक कागद दिला. तो भिंतीला लावायचा, रोज सकाळी चष्मा घालून, उजवा डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायचं. एक रेघ जरी वाकली तरी त्याच दिवशी दवाखान्यात यायचं. मी तो फ्रिजवर चिकटवला. हे पहिले काही दिवस इमानाने बघायचे. मग कुरकुर सुरू झाली. छपाईच नीट नाही, म्हणाले, शाळेच्या वहीचं पान आहे नुसतं. शेवटी एका सकाळी कॅमेरा घेऊन स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, "तू दारात उभी राहा. रेघा काय बघायच्या? तुझा चेहरा मला पाठ आहे. जरा इकडचं तिकडं झालं तरी कळेल."

केस विंचरलेले नाहीत, अंगात गाऊन, तोंडावर झोप. एरवी मी कॅमेरा फेकून दिला असता. पण उभी राहिले. तेव्हापासून रोज उभी राहते. ते बटण दाबत नाहीत, फक्त बघतात. कपाळ, भुवया, नाक, तोंड, सावकाश. मग "हं" म्हणतात आणि कॅमेरा खाली ठेवतात, आणि मी चहाचं आधण ठेवते. इतकंच. पण ते "हं" येईपर्यंत मी जीव मुठीत धरून उभी असते, आणि त्यांना ते कळू नये म्हणून काहीतरी फालतू बोलत राहते, दूधवाला उशिरा आला, नळाला पाणी कमी आहे, असलं काहीतरी.

गेल्या सोमवारी माझं दूधवाल्याचं सांगून झालं, पाण्याचं सांगून झालं, आणि "हं" आलं नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"हललीस तू," ते कॅमेऱ्याआडून म्हणाले. "नीट उभी राहा बघू."

मी हलले नव्हते. दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून उभी होते.

"चपला घाला," मी म्हटलं. "दवाखान्यात जाऊ."

ते उठले नाहीत. कॅमेरा डोळ्याला तसाच दाबून धरलेला. "एकदा," म्हणत राहिले, "अगं, एकदाच नीट उभी राहा ना. हलू नकोस."

मी त्यांच्या चपला आणल्या, खाली बसले आणि त्यांच्या पायांत घातल्या.